धागा: भातातल्या घुशी आणि उंदीर सापळ्यांनी पकडायला शिकायचंय, मुरलेल्या लोकांनी पद्धत सांगा

लाल_माती
नमस्कार मंडळी. दक्षिण रायगडात दोन एकर खाचरं, ओढ्याला लागून. भात फुटव्यात आहे, म्हणजे बुडातून नवे कोंब येतायत. बांधावर भुसभुशीत मातीचे ढिगारे आणि खाचराच्या मधोमध चुडांचे (भाताच्या ठोंबांचे) दांडे तिरपे कापलेले दिसतायत. घर कौलारू, माळ्यावर धान्य, मागे माड. विष घालायचं नाही: घरात मांजरं, शेजारी कोंबड्या, आणि रात्री बांधावर गव्हाणी घुबडं येऊन बसतात.

बाजारातले तारेचे तीन पिंजरे लावलेत. पहिल्या रात्री एक उंदीर सापडला, त्यानंतर आमिष सकाळी जसंच्या तसं. कुठला प्राणी, कुठला सापळा, किती, कुठे आणि कधी, हे नीट शिकायचंय. वाडीतल्या जाणत्या कातकरी मंडळींना बोलवायचा विचार आहे, त्याबद्दलही सांगा.

---

खाचर_बांध
आधी प्राणी ओळखा, सापळ्याचं नंतर. तुम्ही लिहिलंय त्यावरून बांधात काळी घूस आहे. पण एकाच शेतात तीन-चार जाती असतात आणि प्रत्येकीला वेगळं पकडावं लागतं.

काळी घूस: तोंडाशी ताज्या मातीचा ढीग, आणि बिळाचं तोंड आतून मातीने बुजवलेलं. बहुतेक बिळात एकटी राहते, किंवा पिल्लांसह मादी. लोंब्या कापून आत कोठारात नेऊन साठवते. हिच्यामुळे नुकसान दुप्पट, कारण खाते त्याहून जास्त नेते.

मऊ केसांचा उंदीर: घुशीपेक्षा बराच लहान. जमिनीच्या भेगांत, ढेकळांखाली, गवताच्या बुडख्यात. बीळ उथळ, ढीग जवळजवळ नाहीच.

छोटा शेतउंदीर: दहा-बारा ग्रॅमचं जनावर. बोट जेमतेम जाईल एवढं भोक आणि बाहेर रव्यासारखी बारीक मातीची चिमूट. बाजारातल्या पिंजऱ्याच्या तारांमधून हा आरामात निघून जातो. त्यामुळे "आमिष गेलं, पिंजरा बंद, आत कोणी नाही" असं झालं तर समजून जा.

घराजवळ, उकिरड्यात, गटाराच्या कडेला असते ती मोठी घूस. किलोच्या आसपास भरते. तिला साधा उंदराचा पिंजरा पुरत नाही, दार पाठीवर पडतं आणि ती मागे सरकून निघते.

माळ्यावरचा आणि माडावरचा तो काळा उंदीर, लांब शेपटीचा, चढण्यात पटाईत. जमिनीवर ठेवलेल्या पिंजऱ्याकडे ढुंकून बघत नाही.

आता बिळं मोजा. संध्याकाळी सगळी उघडी तोंडं चिखलाने बुजवा, प्रत्येकाशी काठी रोवा. सकाळी जेवढी उकरलेली दिसतील तेवढी जिवंत. घुशीच्या बाबतीत मात्र परीक्षा उलटी: ती स्वतःच तोंड बुजवते, म्हणून तिचं बूच काढून तोंड उघडं ठेवायचं. सकाळी पुन्हा बुजलेलं असेल तर आत जनावर आहे. ही मोजणी केल्याशिवाय सापळा लावू नका. बांधावर चाळीस भोकं दिसतात आणि जिवंत निघतात सात, असं नेहमीच होतं.

---

ऊसपट्टा
बांधकाकांनी ओळख छान सांगितली. तुमच्या "पहिल्या रात्री एक, मग काही नाही" याचं कारण सांगतो.

उंदीर आणि घूस नव्या वस्तूला घाबरतात. रोजच्या वाटेवर काल नसलेली वस्तू आज दिसली तर वळसा घालून जातात. पहिल्या रात्री सापडतं ते बहुधा कोवळं, न शिकलेलं पोर. त्याची धडपड आणि दाराचा आवाज बाकीच्यांनी ऐकलेला असतो.

म्हणून सवय लावावी लागते:

१. पिंजरे जागेवर ठेवा, दार सुतळीने वर बांधून टाका. पडता कामा नये.
२. तीन-चार रात्री रोज संध्याकाळी आत आणि तोंडाशी आमिष. पहिल्या रात्री बाहेर जास्त, आत थोडं. मग हळूहळू आत सरकवत न्या.
३. सलग दोन सकाळी आतलं आमिष साफ झालेलं दिसलं की सगळ्या पिंजऱ्यांची सुतळी एकाच संध्याकाळी सोडा.
४. दोन-तीन रात्री जोरात पकडा, मग पिंजरे उचला. रिकामे पिंजरे महिनाभर तिथेच ठेवले की ते बघून बघून जनावर शहाणं होतं.

संख्या हीच खरी गोष्ट आहे. तीन पिंजऱ्यांनी दोन एकर आवरत नाही. वीस-पंचवीस एका वेळी लागतात. शेजाऱ्यांकडून गोळा करा, ग्रामपंचायतीत किंवा कृषी खात्याकडे विचारा, भाड्याने आणा. तीन रात्री पंचवीस पिंजरे, हे महिनाभर तीन पिंजऱ्यांपेक्षा कितीतरी पटीने चांगलं.

घरातली बारकी चुंची, म्हणजे लहान घरउंदीर, मात्र उलट स्वभावाची, नवी वस्तू दिसली की आधी जाऊन हुंगते. तिच्यासाठी सवय लावायची गरज नाही, पहिल्याच रात्री लावा.

---

लाल_माती
धन्यवाद. जिवंत बिळं आज मोजायला घेतो. पिंजरा नक्की ठेवायचा कसा? तोंड बिळाकडे की वाटेच्या दिशेने? आणि आमिष काय? मी बटाट्याची भजी लावली होती.

---

सुतारकाम_कोकण
पिंजऱ्याबद्दल सांगतो, बाजारातला माल जसाच्या तसा वापरण्याजोगा नसतो.

आकडा: आमिष लावायचा आकडा आणि दाराची कळ यांची पकड फार घट्ट असते. उंदीर आमिष कुरतडून जातो आणि दार वरच. कळीचं टोक कानशीने घासून गुळगुळीत करा. परीक्षा अशी: आगपेटीची काडी आकड्याला लावून हलकेच ढकला. काडी न मोडता दार पडलं पाहिजे.

दार: बिजागरीला खोबरेल नको, चिकटा धरतं आणि मुंग्या लागतात. शिवणयंत्राचं पातळ तेल थेंबभर पुरे. स्प्रिंग ढिली असेल तर दार पडतं पण उंदीर नाकाने उचलून बाहेर येतो. दार पडल्यावर अडकणारी खिट्टी आहे का, हे विकत घेतानाच बघा.

तळ: उंदराला तारेवर चालायला आवडत नाही. आत बोटभर जाडीची माती किंवा भाताचा पेंढा पसरा, पण कळीखाली काही अडकू देऊ नका.

डुगडुग: पिंजरा हलला की जनावर परत फिरतं. जमीन सारखी करून, चारही कोपरे टेकवून ठेवा. शेतात वरून झावळ किंवा गोणपाट टाका, तोंड उघडं ठेवून. अंधारी बोळ वाटली पाहिजे.

दिशा: घरात भिंतीला चिकटून, तोंड भिंतीच्या ओळीत. उंदीर मिशा भिंतीला घासत चालतो, खोलीच्या मधून जात नाही. शेतात बिळाच्या तोंडात पिंजरा कोंबू नका. बिळापासून हात-दीड हात अंतरावर, त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर ठेवा. वाट दिसत नसेल तर संध्याकाळी चुलीतली चाळलेली राख पातळ पसरा, सकाळी पावलं आणि शेपटीची रेघ स्पष्ट दिसते. माळ्यावर तर राखेशिवाय सापळाच लावू नये.

लाकडी फळीचा चाप वापरत असाल तर तो भिंतीला काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीकडे. दोन चाप शेजारी शेजारी लावले तर एक उडी मारून चुकवणारा दुसऱ्यावर सापडतो. माळ्यावर वाशाला चाप तारेने बांधा, नाहीतर पाय अडकलेला उंदीर चापासकट पळतो आणि भिंतीच्या पोकळीत मरतो. वास आठवडाभर.

---

आबा_माडवाले
आमिषाचं एकच सूत्र: शेतात जे भरपूर आहे ते लावू नका. पिकल्या भातात भाताचं आमिष कोण खाणार?

फुटव्याच्या काळात खाचरातला खेकडा उत्तम. फोडून लावायचा, काळी घूस लांबून वासावर येते. घरात आणि माळ्यावर सुकं खोबरं निखाऱ्यावर जरा भाजून, किंवा सुका बोंबील. उसात तेलकट किंवा मासळीचं काहीतरी, गोडाचा उपयोग नाही. उन्हाळ्यात पाणी नसलं की काकडीची फोड सगळ्यांत भारी.

भजी चालतात, पण पहिल्याच रात्री, दुसऱ्या दिवशी मऊ पडून आंबतात. आणि काहीही लावा, दोऱ्याने आकड्याला बांधा. नुसतं टोचलं की मुंग्या आणि गोगलगायीच आधी संपवतात. पावसाळ्यात आमिष रोज बदलायचं, बुरशी धरली की उंदीर शिवत नाही.

---

नवी_पालवी
पिंजरा प्रत्येक वेळी साबणाने धुवायचा का? माणसाच्या हाताच्या वासाने येत नाहीत म्हणतात.

---

ऊसपट्टा
हाताच्या वासाचं फार मनावर घेऊ नका. वस्तीजवळचे उंदीर दिवसरात्र माणसाच्या वासातच राहतात. हातमोजे घालायचे ते आजारासाठी. उंदराचा वास पिंजऱ्याला राहिला तर उलट चांगलं, दुसरे उंदीर तिथे यायला धजावतात. फक्त आत जनावर मरून सडलं असेल तर धुवा. धुताना फिनेल किंवा सुवासिक साबण नको. गरम पाणी, घासणी आणि कडकडीत ऊन.

---

सर्पमैत्रीण
खणायच्या आधी हे वाचा. उंदराच्या बिळात नाग, घोणस आणि धामण राहायला येतात, उंदराच्याच मागावर. पावसाळ्यात बांधावरची बिळं तर हमखास. बिळात हात घालणं हा प्रकार कोणीही, कितीही अनुभवी असलं तरी, करू नये.

तोंडाशी ताजी माती नाही, कडा घासून गुळगुळीत झाल्यात, आजूबाजूला कात पडली आहे, तर ते बीळ सोडून द्या. तोंडावर कोळ्याचं जाळं असेल तर ते बरेच दिवस कोणी वापरलेलं नाही, पण पलीकडच्या तोंडातून वापर चालू असू शकतो. गुडघ्यापर्यंतचे गमबूट, लांब दांड्याचं फावडं, आणि रात्री पिंजरा बघायला जाताना बॅटरी पायाशी. पिंजऱ्यात सापडलेल्या उंदराला खायला साप पिंजऱ्याला वेटोळं घालून बसलेला असतो, म्हणून पिंजरा उचलण्याआधी चारी बाजूंनी बघायचं. साप आत अडकला असेल तर तोडफोड न करता सर्पमित्राला किंवा वनखात्याला कळवा.

---

खाचर_बांध
ताईंचं शंभर टक्के बरोबर. कातकरी मंडळींना बोलवा असं मी सांगणारच होतो, ते याचसाठी. रायगड, ठाणे, पालघर भागातले जाणते कातकरी बिळाचं तोंड बघून आत काय आहे ते सांगतात.

त्यांची पद्धत शिकायची तर क्रम लक्षात घ्या. आधी पळवाट शोधतात. घुशीच्या बिळाला मुख्य तोंडाशिवाय एक-दोन बोळ असे असतात की जे जमिनीच्या अगदी खाली येऊन थांबलेले, वर दोन-तीन बोटं माती शाबूत. वरून दिसत नाही. खणायला लागलं की घूस तो पापुद्रा फोडून उसळून बाहेर येते. जाणता माणूस टाचेने बांध ठोकत जातो, पोकळ आवाज आला की तिथे दगड किंवा माणूस. मग बाकीची तोंडं बंद, एकच उघडं ठेवून तिथे जाळी किंवा बांबूची विणलेली टोपली, आणि दुसरीकडून खणत यायचं. पळवाट न शोधता खणणं म्हणजे बांध फोडून घेणं, जनावर मिळत नाही.

धुराचाही वापर होतो. तमिळनाडूतले इरुळ आदिवासी बुडाला भोक पाडलेल्या मडक्यात पेंढा पेटवून, मडक्याचं तोंड बिळावर दाबून, भोकातून फुंकून धूर आत सोडत आलेत. फुंकणाऱ्याच्या छातीत धूर जातो, हात भाजतात. म्हणून तिकडे हाताने फिरवायच्या पंख्याचं लोखंडी यंत्र निघालं, धूर आतच जातो. आपल्याकडे करायचं तर तोंडाने फुंकायला कोणाला लावू नका. जुना लोहाराचा हातभाता आणि पत्र्याचा डबा जोडून काम होतं. ओल्या बांधातच धूर टिकतो, भेगाळलेल्या जमिनीतून सगळा वर निघतो.

दोन गोष्टी आधी बोलून घ्या. मजुरी दिवसाची ठरवा, नगावर नाही. नगावर ठरवलं की सोपी बिळं उघडली जातात आणि अवघड तशीच राहतात. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: गेल्या काही आठवड्यांत तुम्ही किंवा शेजाऱ्याने विष टाकलं असेल तर ते आधीच स्पष्ट सांगा. शेतातला उंदीर त्यांच्याकडे खाल्ला जातो. विषारी उंदीर माणसाच्या ताटात जाता कामा नये.

---

लाल_माती
हे कुणीच सांगितलं नव्हतं. डावीकडच्या शेजाऱ्याने आवण (भाताची रोपं) टाकताना झिंक फॉस्फाइड लावलं होतं. त्यांना सांगून ठेवतो.

---

कृषी_मास्तर
सापळे कधी लावायचे, यावर कोणी बोललं नाही, आणि त्यातच निम्मं यश आहे.

घुशीची मादी साधारण तीन आठवड्यांत विते आणि विल्यावर लगेच पुन्हा गाभण राहू शकते. भात पोटरीत येऊन (लोंबी अजून पानाच्या आवरणात असते तेव्हा) दाणा दुधात भरायला लागला की खाणं वाढतं आणि विणीचा जोर होतो. म्हणजे लावणीनंतर फुटव्याच्या काळात पकडलेली एक मादी म्हणजे कापणीपर्यंतची दोन वेतं कमी. लोंब्या कापलेल्या दिसल्यावर धावपळ करणारे शेतकरी दीड महिना उशिरा जागे झालेले असतात. लाल_माती, तुमचं भात फुटव्यात आहे, म्हणजे अगदी योग्य वेळ आहे. पुढचे पंधरा दिवस पूर्ण लावा.

नुकसान मधोमध दिसतं याचंही कारण आहे. कडेला घुबड, मुंगूस, कुत्री यांची भीती, म्हणून उंदीर आत शिरून खातो आणि कडेची दोन-तीन हात पट्टी शाबूत ठेवतो. बांधावरून बघून "नुकसान नाही" म्हणू नका, आत शिरून बघा.

बांध: एक फुटापेक्षा रुंद आणि उंच बांधात घुशीला घर करायला जागा मिळते. लावणीआधी बांध छाटून बारीक करा, गवत काढा. ओढ्याकडची बाजू तुमची दुखरी बाजू, तिथे पिंजऱ्यांची ओळ तीन-चार मीटर अंतराने दाट लावा.

तंजावर भागात बांबूच्या कांबीचं धनुष्य करून चापासारखा सापळा लावतात. ताणलेल्या दोरीच्या आत भाताचं आमिष, ओढलं की दोरी मानेवर. हेक्टरी शंभरेक लावतात, स्वस्त असतात म्हणूनच ते परवडतं. पण कांब वाळलेली असेल तर जोर राहत नाही. ओली कांब घेऊन सावलीत मुरवावी लागते आणि दोरी दर दोन-तीन दिवसांनी पुन्हा ताणावी लागते. इथे कोणाला हात बसलेला असेल तर शिकण्यासारखा आहे.

---

दोन_गुंठे
मास्तर, कुंपण आणि सापळा एकत्र करायची पद्धत असते ना? व्हिएतनाम-इंडोनेशियात करतात ती. आपल्याकडे जमेल का?

---

कृषी_मास्तर
जमेल, पण एकट्याला नाही. सविस्तर सांगतो.

वीस-पंचवीस मीटर चौरसाचा तुकडा घेऊन त्यात बाकीच्यांपेक्षा दोन-तीन आठवडे आधी भात लावायचा. आजूबाजूला हिरवा चारा नसताना हा तुकडा आधी फुलतो, आसपासचे उंदीर त्याच्याकडे ओढले जातात. भोवती प्लॅस्टिकच्या कापडाचं कुंपण, जमिनीवर साठ-सत्तर सेंटिमीटर उंच, खाली एक वीत मातीत गाडलेलं. खुंट आतल्या बाजूला, मीटर-दीड मीटरवर. बाहेर रोवले तर उंदीर खुंटावरून चढतो. कुंपणाभोवती पाण्याची चारी. प्रत्येक बाजूला जमिनीलगत दोन भोकं, प्रत्येक भोकाला आतून एकेरी वाटेचा मोठा पिंजरा चिकटवलेला, म्हणजे आत जाता येतं, बाहेर येता येत नाही. चारीवर भोकासमोर मातीचा छोटा पूल. उंदीर कुंपणाच्या कडेने चालत येतो, भोक दिसलं की आत.

बिघाड दोन ठिकाणी. कुंपणाला कुरतडून पाडलेलं एक भोक दोन दिवस राहिलं की सगळी मेहनत वाया, म्हणून रोज सकाळी फेरी. आणि पिंजरे रोज रिकामे झाले नाहीत तर आत एकमेकांना मारतात आणि घाण वास सुटतो.

एक असा तुकडा आजूबाजूची दहा-पंधरा हेक्टर जमीन राखू शकतो. म्हणून खर्च गटाने वाटून घ्यायचा. तुमच्या दोन एकरांसाठी एकट्याने केलंत तर परवडणार नाही. कुंपण नसलं तरी सगळ्या शेजाऱ्यांनी एकाच आठवड्यात सापळे लावणं आवश्यक आहे. तुमचं शेत मोकळं केलंत आणि शेजारचं भरलेलं असलं तर महिन्याभरात रिकामी बिळं पुन्हा भरतात.

---

रानवाट
एक कळकळीची विनंती. बांधावर तारेची फासकी लावू नका, "घुशीसाठीच" म्हणूनही नको. तारेची फासकी कोणाला अडकवायचं ते निवडत नाही. त्यात ससे, साळिंदरं, रानमांजरं आणि बिबटेसुद्धा अडकून हाल होऊन मरतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली तो गुन्हा आहे, "मला उंदीर पकडायचा होता" हे उत्तर चालत नाही. कुंपणात वीज सोडणं तर माणसं मारणारं काम आहे.

पिंजऱ्यात चुकून काय सापडतं ते ओळखायला शिका. लांब सोंडेसारखं नाक, बारीक डोळे, कस्तुरीसारखा उग्र वास, ती चिचुंद्री. ती किडे खाते, धान्य नाही. तिला तिथेच सोडा. तासन्‌तास पिंजऱ्यात राहिली तर भुकेनेच मरते. मुंगूस, घोरपड, पक्षी सापडला तर दार उघडून लांब उभे राहा. म्हणूनच पिंजरे उजाडताच बघायचे, दहा वाजता नाही. उन्हात पिंजऱ्यातलं कुठलंही जनावर तासाभरात मरतं.

चिकट गोंदाचे पुठ्ठे वापरू नका. जनावर दोन-दोन दिवस जिवंत चिकटून राहतं, आणि त्यावर पाली, चिमण्याही चिकटतात.

तुमच्याकडे गव्हाणी घुबडं आहेत हे मोठं भाग्य आहे. खाचरात इंग्रजी टी आकाराच्या सहा-सात फूट उंच काठ्या रोवा, घुबडाला बसायला जागा होते आणि रात्रीचं काम ते करतं. भात पसवला की काढून टाका, नाहीतर दिवसा त्यावर दाणे खाणारे पक्षी येऊन बसतात.

---

नवी_पालवी
पकडल्यावर काय करायचं? लांब रानात सोडून यायचं का?

---

आरोग्यसेवक
सोडू नका. दुसऱ्याच्या शेतात त्रास जातो, आणि अनोळखी जागी सोडलेला उंदीर बहुतेक वेळा लवकरच मरतो. बादलीत पिंजरा बुडवणं ही हाल करणारी पद्धत आहे. पिंजऱ्याच्या तोंडाला जाड पोतं लावून जनावर त्यात घ्यायचं, कोपऱ्यात दाबायचं आणि डोक्यामागे काठीचा एकच जोरदार फटका. ज्याला जमत नाही त्याने जाणत्याकडून करून घ्यावं.

आता आजाराचं. उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. पायाला भेगा किंवा जखम असताना खाचराच्या पाण्यात उतरून सापळे लावणारे सर्वांत धोक्यात. मुंबईत जुलै २००५ च्या पुरानंतर याचीच साथ आली होती. जखमेवर पट्टी, गमबूट, रबरी हातमोजे. ताप, पोटऱ्या दुखणं आणि डोळे लाल झाले तर सरकारी दवाखान्यात "उंदीर पकडत होतो, खाचरात होतो" हे मुद्दाम सांगा, निदान लवकर होतं. चावला तर साबणाने पाच-दहा मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.

मेलेला उंदीर चिमट्याने उचला. गार झाला की अंगावरच्या पिसवा त्याला सोडून दुसरं ऊबदार अंग शोधतात. दीड-दोन फूट खड्ड्यात चुना टाकून पुरा. उकिरड्यावर टाकलेला उंदीर कुत्रं ओढून घरी आणतं.

आणि सापळा न लावता, विष न टाकता घरात किंवा शेतात एकापाठोपाठ उंदीर मरून पडायला लागले तर हात लावू नका, प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यात मामला गावी प्लेग आला, त्याच्या आधी १९९३ मध्ये किल्लारीचा भूकंप झाला होता. लोक घरं सोडून बाहेर राहत होते आणि सोडलेल्या घरांतल्या धान्यावर उंदीर माजले होते. उंदरांचं मरण ही साथीची पहिली खूण असते.

धान्याच्या कोठीत ठेवायच्या धुरीच्या गोळ्या, ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या, घराजवळच्या बिळात कधीही टाकू नका. बीळ कुठे भिंतीखालून खोलीत निघतं ते दिसत नाही, आणि तो वायू झोपलेल्या माणसांना मारतो.

---

आबा_माडवाले
माडाचं राहिलं. उंदीर पोखरतो ते कोवळे नारळ, देठाजवळ वाटोळं भोक पाडून. झाडाखाली तसले नारळ पडलेले दिसले की वर शेंड्यात घरटं आहे असं समजा.

शेंडा आधी साफ करा, वाळलेल्या झावळ्या आणि पोयींचे खोके (फुलोऱ्याची वाळलेली आवरणं) उतरवा. मग खोडाला पत्र्याचा पट्टा: रुंदी चाळीस सेंटिमीटर, जमिनीपासून दोन मीटरवर, गुळगुळीत गॅल्व्हनाइज्ड पत्रा, सांध्यावर चार बोटं चढवून. खिळे फक्त सांध्यावर, डोकी ठोकून सपाट. पट्ट्याखाली फट राहिली तर तिथेच उंदीर घर करतो, म्हणून खोडाला घट्ट बसवा. उतरवण्यासाठी माणूस चढतो तेव्हा पत्रा दाबला जातो, वर्षातून एकदा तपासा.

पण पट्टा कधी काम करत नाही सांगतो. झावळी शेजारच्या माडाला किंवा घराच्या कौलांना लागत असेल तर उंदीर वरच्या वर जातो, त्याला खाली उतरायची गरजच नाही. लाल_माती, तुमचे माड घराला लागून असतील तर आधी झावळ्या कापा, नाहीतर माळ्यावरचे आणि माडावरचे एकच.

---

लाल_माती
लागून आहेत, दोन माडांच्या झावळ्या थेट पन्हळीवर. बिळांची मोजणी आज सकाळी आली: बांधावर अकरा जिवंत, त्यातली आठ ओढ्याकडच्या बांधात, घुशीची. पिंजरे गोळा करतोय, एकोणीस झाले. शेजारी दोघे तयार आहेत, तिसरा कापणीनंतर बघू म्हणतो. आधी सुतळी बांधून सवय लावायची, की ओढ्याकडची आठ बिळं आधी खणून घ्यायची?

---

खाचर_बांध
आधी सवय आणि पिंजरे, मग खणणं. खणलं की उरलेल्या घुशी बिथरून ओढ्याच्या काठच्या झाडीत जातात आणि आठवड्याभर पिंजऱ्याकडे फिरकत नाहीत. एकोणीसपैकी बारा ओढ्याकडे, चार मधल्या बांधावर, तीन घराच्या पाठीमागे. मोठी घूस असेल तर त्या तिनातला एक तरी मोठ्या तोंडाचा हवा. पिंजऱ्यांनी पकडून झाल्यावर पुन्हा बूच काढून मोजा आणि जी बिळं तरीही बुजवलेली दिसतील तेवढीच खणायला लावा.

तिसऱ्या शेजाऱ्याला कापणीनंतर नको म्हणावं. तरी ऐकलं नाही तर त्याच्या शेताच्या हद्दीवर तुमच्या बाजूने चार पिंजरे जास्तीचे लागतील, ते आधीच मागवून ठेवा. आणि पाऊस मोठा पडला तर त्या रात्री दारं सोडू नका, सुतळी बांधूनच ठेवा. घुशी पाण्याने बिळं सोडून उंचवट्यावर जमतात. पाऊस थांबल्यावर दुसऱ्या संध्याकाळी पिंजरे त्या उंचवट्यांवर हलवा, तेव्हा एका रात्रीत भरपूर सापडतात.